तुझ्या लोहाचा हिशेब : धनू बटू दीर्घिकेस अनावृत पत्र

मु. पो. लासुर्णे, ता. इंदापूर, जि. पुणे

प्रिय धनू बटू दीर्घिके,



ज्या नक्षत्रांवरून आषाढाला नाव मिळालं, त्यांच्याच रोखाने तू आहेस. उत्तराषाढेतल्या झीटा ताऱ्याजवळ साधी दुर्बीण धरली की एम ५४ नावाचा तारकागुच्छ धूसर ठिपक्याच्या रूपात सापडतो. शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाने त्याची नोंद १७७८ मध्येच करून ठेवली होती. तो तुझ्या ऐन गाभ्यात बसलेला आहे, हे कळायला मात्र १९९४ साल उजाडलं. आमच्या लासुर्ण्याहून तू दक्षिणेला क्षितिजापासून ४१ अंशांपर्यंत वर येतेस. आषाढात मध्यरात्री तू सर्वांत उंच असतेस, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. तुकोबांची पालखी सणसरहून निघते, बेलवाडीला गोल रिंगण होतं आणि लासुर्ण्यावरून वारी अंथुर्ण्याकडे सरकते, ते दिवस अमावास्येच्या आगेमागेच येतात. चंद्राचा उजेड नसतो, ढग असतात. म्हणून तुझी दिशा पाहायची तर मे महिन्यात पहाटे चारला उठावं, नाहीतर दसरा उलटल्यावर अंधार पडता पडता नैऋत्येला दुर्बीण लावावी.

एवढी मोठी असून तू इतकी वर्षं सापडली नाहीस, कारण तू आमच्या आकाशगंगेच्या मध्याआड उभी होतीस. आकाशगंगेचं केंद्र आमच्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि तू त्याच्याही पलीकडे, सुमारे ८५ हजार प्रकाशवर्षांवर. रॉड्रिगो इबाटा, जेरी गिलमोर आणि माइक अर्विन हे तिघे तुझ्या शोधात नव्हतेच. ते आकाशगंगेच्या मधल्या फुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग मोजत होते. त्यात ताऱ्यांचा एक जथा सेकंदाला सुमारे १४० किलोमीटर या एकाच वेगाने जाताना आढळला. फुगवट्यातले तारे असे शिस्तीत चालत नाहीत, त्यांचे वेग वाटेल तसे विखुरलेले असतात. तो जथा म्हणजे तू.

आकाशगंगा तुला ओढून ओढून फाडते आहे. तुझे तारे पुढे आणि मागे लांबच लांब सांडले आहेत आणि त्यांचा पट्टा अख्ख्या आकाशाला वेढा घालतो. २००३ मध्ये स्टीव्हन मजेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त प्रकाशातल्या टू-मास सर्वेक्षणातून तुझे लाल राक्षसी तारे वेचले, तेव्हा हा वेढा पहिल्यांदा पूर्ण नकाशावर आला. तुझ्याविषयीचं बहुतेक लिखाण या फाडाफाडीवर थांबतं. मला तुझ्याशी बोलायचं आहे ते तुझ्या लोहाविषयी, कारण लोहाची भाषा आमच्या भागाला कळते.

इकडची जमीन काळी, खोल आणि चुनखडीची. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, भवानीनगरला साखर कारखाना उभा राहिला. त्याबरोबर एक दुखणंही आलं. लागणीच्या उसाची कोवळी पानं पिवळी पडतात, मग पांढुरकी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऊस केवडा पडला, असं आम्ही म्हणतो. गंमत अशी की जमिनीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना उचलता येत नाही. मग हिराकस फवारायचं. किती आणि का, हे नुसतं पान पाहून ठरवलं तर चुकतं. म्हणून मातीचा नमुना पिशवीत भरून बारामतीजवळ शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत द्यायचा आणि अहवालाची वाट पाहायची. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि खाली लोह, जस्त, मंगल, तांबे.

हे खालचे चार आकडे कसे निघतात ते एकदा जवळून पाहावं. मातीतून काढलेला अर्क एका बारीक नळीतून ओढला जातो आणि ॲसिटिलीनच्या ज्योतीत फवारला जातो. ज्योतीच्या उष्णतेने रेणू तुटून अणू मोकळे होतात. ज्योतीच्या एका बाजूला एक दिवा असतो, ज्याच्या आतला विद्युतध्रुव लोहाचाच केलेला असतो. त्यामुळे तो नेमका लोहाच्या तरंगलांबीचा प्रकाश देतो, २४८.३ नॅनोमीटर. ज्योतीत लोहाचे अणू असले तर ते हा प्रकाश गिळतात. पलीकडच्या बाजूला किती प्रकाश कमी पोचला ते मोजलं की नमुन्यात लोह किती, ते कळतं. जस्तासाठी दिवा बदलायचा, मंगलसाठी आणखी एक. यंत्राचं नाव लांबलचक आहे, ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर, पण काम एवढंच.

तुझ्या प्रत्येक ताऱ्यात हेच यंत्र आयतं बसवलेलं आहे. ताऱ्याचा आतला तप्त थर हा दिवा आणि बाहेरचं विरळ वातावरण ही ज्योत. आतून निघालेला प्रकाश बाहेर येताना वातावरणातलं लोह आपल्या तरंगलांब्या गिळतं, मॅग्नेशियम आपल्या, सिलिकॉन आपल्या. ८५ हजार वर्षांनी तो प्रकाश इथे पोचतो तेव्हा त्यात जागोजाग खाचा पडलेल्या असतात. खाच किती खोल, यावरून मूलद्रव्य किती ते काढायचं. एक अडचण उरते. ज्योतीचं तापमान प्रयोगशाळेत ठरलेलं असतं, ताऱ्याचं आपल्या हातात नसतं, आणि तापमान बदललं की त्याच मूलद्रव्याची खाच कमीजास्त होते. हा गुंता सोडवण्याचं सूत्र मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दिलं. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी ते वापरून तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत, असं दाखवलं. आज तुझ्या लोहाचा जो आकडा आम्ही सांगतो, तो साहांच्या सूत्राशिवाय निघालाच नसता. आपल्या शाळांत साहांचं नाव येतं आणि जातं. त्यांच्या समीकरणाने दुसऱ्या दीर्घिकेतल्या मातीचा कस कळतो, हे कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता अवरक्त प्रकाशाचं. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात धूळ फार आड येते. १.५ ते १.७ मायक्रॉन या पट्ट्यात तीच धूळ दृश्य प्रकाशाच्या मानाने साधारण सहाव्या हिश्श्याएवढाच प्रकाश मंद करते. तुझा गाभा आकाशगंगेच्या पट्ट्यापासून १४ अंश खाली असल्याने तुला स्वतःला धुळीचा त्रास बेताचाच आहे. खरा फायदा वेगळा आहे. तुझे लाल राक्षसी तारे थंड असल्याने अवरक्त प्रकाशातच जास्त तेजस्वी दिसतात. याच पट्ट्यात कार्बन मोनॉक्साइड, सायनोजेन आणि हायड्रॉक्सिल या रेणूंच्या खाचा दाटीने येतात, त्यामुळे कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन तिन्ही हाती लागतात. शिवाय धुळीत बुडालेले आकाशगंगेच्या मधल्या भागातले तारेही याच यंत्राने मोजता येतात. म्हणजे तुझं आणि आमचं माप एकाच मापट्याने होतं. दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून भांडणारे शेतकरी आम्ही पाहिलेले आहेत. ताऱ्यांच्या शास्त्रातही ते भांडण बरीच वर्षं होतं.

हे काम ज्या उपकरणाने केलं त्याचं नाव अपोजी. न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंट वेधशाळेत, स्लोन या आकाश-सर्वेक्षण प्रकल्पाच्या अडीच मीटर दुर्बिणीला जोडून २०११ मध्ये ते सुरू झालं. एका वेळी ३०० ताऱ्यांचा वर्णपट घ्यायचा तर प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश वेगळा पकडायला हवा. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या मोठ्या गोल चकत्या वापरल्या. आकाशाच्या एका तुकड्यासाठी एक चकती, एका ताऱ्यासाठी एक भोक. भोकं सिॲटलमध्ये पाडून चकत्या डोंगरावर यायच्या आणि दिवसा माणसं बसून एकेका भोकात काचेचा तंतू हाताने खोचायची. रात्री ती चकती दुर्बिणीच्या तळाशी चढवली की ३०० तारे ३०० तंतूंतून उपकरणात उतरायचे. उपकरण बंद निर्वात टाकीत, द्रव नायट्रोजनने उणे १९० अंशांच्या आसपास थंड केलेलं. ते थंड नसेल तर स्वतःच्याच उष्णतेने अवरक्त प्रकाश फेकेल आणि ताऱ्याचा प्रकाश त्यात बुडेल.

त्या ३०० तंतूंपैकी सुमारे ७० तुझ्यासाठी किंवा कुठल्याच दीर्घिकेसाठी नसायचे. निम्मे मोकळ्या आभाळाकडे लावायचे, निम्मे तप्त ताऱ्यांकडे. कारण आमचं स्वतःचं वातावरणही याच पट्ट्यात चमकतं आणि त्यातली वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन आपल्या खाचा पाडून ठेवतात. आमच्या हवेची नोंद आधी वजा करायची, मग तुझी वाचायची. मला या कामात सर्वांत जास्त आदर वाटतो तो या वजाबाकीचा.

न्यू मेक्सिकोहून तू क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर येतेस. हवेच्या जाड थरातून घेतलेल्या त्या निरीक्षणांवरच स्टेन हॅसलक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तुझ्या १५८ ताऱ्यांचा तपशीलवार हिशेब मांडला. त्याच वर्षी तसंच दुसरं उपकरण चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेत सुरू झालं. तिथे तू थेट डोक्यावरून जातेस.

आणि तुझा अहवाल काय सांगतो? तुझ्या गाभ्यातल्या ताऱ्यांत लोह सरासरी सूर्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे. बटू दीर्घिकेच्या मानाने हे पुष्कळ झालं. पण त्याच लोहाच्या जोडीला मॅग्नेशियम जितकं असायला हवं तितकं नाही. आकाशगंगेतला तेवढ्याच लोहाचा तारा घेतला तर त्यात मॅग्नेशियम तुझ्यापेक्षा जास्त भरतं. फरक थोडा आहे, पण तारा मागून तारा घेतला तरी तो हटत नाही.

या एका गुणोत्तरात तुझं सगळं चरित्र आलं. मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन मुख्यतः भारी तारे बनवतात. असे तारे फार तर काही कोटी वर्षं जगतात, स्फोट होऊन फुटतात आणि आपला माल लगेच वायूत मिसळतात. लोहाचा मोठा वाटा येतो तो श्वेत बटूंच्या स्फोटांतून. जोडीदाराचं वस्तुमान ओढून घेत एखादा श्वेत बटू फुटायला दहा कोटी वर्षं लागतात, कधी अब्जावधी. म्हणून ज्या दीर्घिकेने आपला वायू झपाट्याने वापरून तारे घडवले, तिच्या ताऱ्यांत मॅग्नेशियमचा वरचष्मा राहतो. जिने सावकाश घडवले, तिच्यात उशिरा येणारं लोह मधल्या काळात साचत जातं. तू सावकाश चाललीस. तुझ्या लोहसमृद्ध ताऱ्यांत लँथॅनम, सिरियम यांसारखी जड मूलद्रव्यंही वाढलेली आहेत. ती मध्यम वस्तुमानाच्या म्हाताऱ्या ताऱ्यांत हळूहळू शिजतात, म्हणजे तीही साक्ष सावकाशपणाचीच.

ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी बनतात, हे १९५७ च्या ज्या शोधनिबंधाने मांडलं, त्याचे लेखक चार : मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉयल. यांतले हॉयल हे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू आणि जेफ्री बर्बिज पुढे त्यांचे सहकारी. कोल्हापुरात जन्मलेल्या या माणसाने १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी केली आणि २० मे २०२५ रोजी पुण्यातच निरोप घेतला. तुझ्या अहवालाचं व्याकरण ज्या घराण्यात लिहिलं गेलं, त्या घराण्याशी मराठी माणसाचं नातं असं सरळ आहे.

तुझ्यावरून वादही आहे, तो लपवायला नको. अँड्र्यू मॅकविल्यम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मोजक्या ताऱ्यांवरून असं सुचवलं की तुझ्यात सर्वांत भारी तारे मुळात कमीच जन्मले. २०१७ च्या १५८ ताऱ्यांनीही त्या म्हणण्याला बळ दिलं, कारण केवळ मॅग्नेशियमच नव्हे तर इतरही बरीच मूलद्रव्यं लोहाच्या मानाने कमी निघाली. दुसरा पक्ष म्हणतो, तसं मानायची गरज नाही. तुझा वायू आकाशगंगेने ओढून नेला, तारे घडणं मंदावलं, लोह साचत राहिलं, एवढ्याने भागतं. मला दुसरं स्पष्टीकरण आधी तपासावं असं वाटतं, कारण तुझा वायू हिरावला गेला आहे हे तर डोळ्यांसमोर आहे. ताऱ्यांच्या जन्माचा नियमच दीर्घिकेगणिक बदलतो म्हणायचं तर पुरावा त्या तोलाचा हवा.

सांडलेल्या ताऱ्यांविषयी मात्र वाद उरलेला नाही. क्रिश्चियन हेज आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तुझ्या प्रवाहातले तारे अपोजीनेच मोजले. गाभ्यापेक्षा प्रवाहाच्या मागच्या बाहूत लोह कमी भरलं, पुढच्या बाहूत त्याहून कमी, सूर्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढं. म्हणजे बाहेरचे, जुने, कमी लोहाचे तारे आधी सुटले आणि आतले नंतर. आज प्रवाहातला एखादा तारा आकाशगंगेच्या ताऱ्यांच्या गर्दीत कुठेही सापडला, तरी त्याच्या मॅग्नेशियमवरून आणि लोहावरून तो तुझ्या घरचा आहे हे ओळखता येतं.

याच २०२० साली तोमास रुइस-लारा आणि सहकाऱ्यांनी गाया यानाच्या नोंदींवरून आणखी एक गोष्ट मांडली. सूर्याच्या आसपासच्या भागात ५.७, १.९ आणि १ अब्ज वर्षांपूर्वी ताऱ्यांच्या जन्माला भर आला होता आणि तू आकाशगंगेच्या तबकडीजवळून गेल्याच्या वेळा त्यांच्याशी जुळतात. हे अजून पक्कं झालेलं नाही. झालं, तर आमच्या शेजारचे कित्येक तारे तुझ्या धक्क्याने जन्मले असं म्हणावं लागेल.

आमच्याकडचं काय, असं तू विचारशील. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टर्स्पेक हे जवळच्या अवरक्त पट्ट्याचं उपकरण २०१३ मध्ये लडाखमधल्या हानले इथल्या दोन मीटर दुर्बिणीवर बसवलं. पुढे नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीसाठी एरीज संस्थेबरोबर टॅनस्पेक घडवलं, ०.५५ ते २.५ मायक्रॉन एकाच दमात घेणारं. हीच संस्था हैदराबादहून मोठे फुगे सोडते. त्यांतल्या काहींवरून एक मीटरची दुर्बीण वर जाऊन ताऱ्यांच्या जन्मस्थळांतला आयनीभूत कार्बनचा १५८ मायक्रॉनचा प्रकाश मोजून आली आहे. ते फुगे वाऱ्याबरोबर मराठवाड्याकडे, विदर्भाकडे, सोलापूरकडे येतात आणि उपकरणं छत्रीने शेतात उतरतात. म्हणून गावोगाव सूचना निघते की असं काही सापडलं तर उघडू नका, कळवा.

पण तुझं मॅग्नेशियम मोजण्याएवढं बारीक काम या उपकरणांचं नाही. अपोजी वर्णपटातल्या दोन रेषा जितक्या जवळून वेगळ्या करतं, त्याचं माप २२,५०० आहे आणि टॅनस्पेकचं सुमारे २,७५०. आठ पटींचं अंतर. देवस्थळच्या दुर्बिणीचा आरसा अपोजीच्या दुर्बिणीपेक्षा मोठा आहे, कमी आहे ती तेवढ्या सूक्ष्म विभेदनाच्या अवरक्त उपकरणाची. इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरींची आवरणं लासुर्ण्याशेजारच्या वालचंदनगरला घडली आहेत. धातूच्या अचूक कामाचं अप्रूप या भागाला नाही, आणि निर्वात थंड टाकी हे शेवटी धातूचंच काम आहे. असं उपकरण या देशात व्हावं, ही मागणी मी या पत्रातून उघडपणे करतो.

तोवर थांबायचं कारण नाही. स्लोन प्रकल्पाची सतरावी नोंदवही डिसेंबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात अपोजीने मोजलेले साडेसहा लाखांहून अधिक तारे आहेत आणि त्यांच्या सुमारे वीस मूलद्रव्यांचे आकडे आहेत. तुझे तारे त्यातच आहेत. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात आणि आमच्या इंदापूर तालुक्यात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे : ही नोंदवही उतरवून घ्या. एम ५४ च्या आसपासचे, सेकंदाला १४० किलोमीटरच्या जवळपास वेग असलेले तारे वेगळे काढा. आडव्या अक्षावर लोह, उभ्या अक्षावर मॅग्नेशियम आणि लोहाचं गुणोत्तर घ्या. मग त्याच कागदावर आकाशगंगेचे तारे मांडा. दोन थर वेगळे पडलेले तुम्हाला तुमच्याच डोळ्यांनी दिसतील. महाविद्यालयातला साधा संगणक याला पुरतो, अडलं तर विचारायला पुण्यात आयुका आहे, आणि या आकड्यांना एक रुपयाही पडत नाही.

तुझा,
लासुर्ण्याचा एक ऊस उत्पादक